वाचकांचे प्रश्न : अरबी आणि लॅटिन अक्षरे एकाच पानावर

मागील अंकातल्या टिपणात असे म्हटले होते की, दोन लिप्यांचा एकत्रित फॉन्ट करताना कोणत्याही एका लिपीला दुसरीच्या मापात कोंबू नये. त्यावर वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांपैकी ज्यांचा रोख अरबी आणि लॅटिन (म्हणजे इंग्रजी जिच्यात लिहितात ती रोमन लिपी) या जोडीकडे आहे, तेवढे या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत.

प्रश्न : मी पुस्तकांची मांडणी करतो. सध्या हातात असलेल्या द्विभाषिक पुस्तिकेत समोरासमोरच्या पानांवर इंग्रजी आणि अरबी मजकूर आहे. दोन्हींसाठी एकच फॉन्ट आणि एकच १० पॉइंटचा आकार घेतला, तरी अरबी मजकूर बारीक आणि दबलेला दिसतो. आकार वाढवला, तर अलिफ आणि लाम ही उंच अक्षरे इंग्रजीतल्या कॅपिटल अक्षरांच्याही वर जातात. नेमकी कोणती उंची कोणत्या उंचीशी जुळवावी?

उत्तर : पॉइंट हे अक्षराचे माप नाही, ते अक्षर ज्या चौकटीत बसवलेले असते त्या चौकटीचे माप आहे. खिळ्यांच्या काळी ही चौकट म्हणजे शिशाच्या खिळ्याचा देह असे. आता ती संगणकातली कल्पित चौकट आहे, पण हिशेब तोच राहिला आहे. लॅटिन अक्षरांना या चौकटीत फारसे खाली उतरावे लागत नाही. अरबीत मात्र जीम, हा, ऐन या अक्षरांच्या वाट्या पायरेषेच्या, म्हणजे अक्षरे टेकतात त्या रेषेच्या, बऱ्याच खाली जातात, अक्षरांच्या वर-खाली नुक्ते (ठिपके) येतात आणि त्यांच्याही पलीकडे फतहा, कसरा, दम्मा या स्वरचिन्हांसाठी जागा राखून ठेवावी लागते. चौकट तेवढीच आणि तिच्यात मावायचे मात्र अधिक, त्यामुळे अक्षरांचा मूळ देह लहान होतो. सारखाच आकडा देऊनही आपल्याला अरबी मजकूर बारीक दिसला, त्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. लॅटिनमधल्या लहान अक्षरांना एक ठाम उंची असते, जिला अक्षररचनाकार एक्स-हाइट म्हणतात, आणि इंग्रजी मजकुराचा बहुतेक भार त्या एका पट्ट्यात साठलेला असतो. अरबीत असा एकच पट्टा नाही. बा, ता, नून यांच्या दाताची उंची वेगळी, फा, क़ाफ, वाव यांच्या गाठीची वेगळी, आणि अलिफ, लाम, काफ यांच्या उभ्या दांड्याची वेगळी. म्हणून एक रेषा दुसऱ्या रेषेशी तंतोतंत जुळवायला गेलो की काही ना काही बिघडतेच : अलिफ कॅपिटलच्या उंचीला बांधला, तर दात खुजे राहतात, दात एक्स-हाइटपर्यंत उचलले, तर अलिफ आणि लाम ओळीबाहेर झेपावतात आणि एकूण अक्षराची प्रमाणबद्धता हरवते. माझ्या मते गाठी असलेली अक्षरे एक्स-हाइटच्या किंचित खाली राहू द्यावीत, अलिफ-लाम हे बी, डी, एल या लहान लॅटिन अक्षरांच्या दांड्यांच्या आसपास असावेत, थोडे वर गेले तरी चालवून घ्यावे, आणि त्यापुढे उंचीचा विचार सोडून मजकुराचा काळेपणा पाहावा. आपल्या पुस्तिकेत १० पॉइंट लॅटिनसोबत नस्ख या नेहमीच्या छापील वळणाची अक्षरे १२ पॉइंटपासून सुरू करून पाव-पाव पॉइंटने वर-खाली करून पाहा. प्रत्येक वेळी पान छापा, हातभर लांब धरा आणि डोळे बारीक करा. अक्षरे विरून केवळ करडा रंग उरेल, आणि दोन्ही पानांचा तो करडेपणा सारखा वाटला की आकार ठरला असे समजावे. ओळींमधले अंतर अरबीच्या गरजेनुसार ठरवून तेच इंग्रजीलाही द्यावे. इंग्रजीला थोडी जास्त हवा मिळाल्याने तिचे काही बिघडत नाही, पण इंग्रजीच्या अंतरात अरबी बसवली, तर वरच्या ओळीच्या वाट्या खालच्या ओळीच्या स्वरचिन्हांना भिडतात.

हा करडेपणा केवळ आकाराने का जुळत नाही, हे समजून घ्यायचे तर दोन्ही लिप्यांच्या लेखणीकडे जावे लागेल. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिलेल्या लॅटिनमध्ये ढोबळमानाने उभी रेघ जाड आणि आडवी रेघ बारीक येते. अरबी सुलेखनाचा बोरू तिरका कापलेला असतो आणि वेगळ्या कोनात धरला जातो, त्यामुळे जाडी प्रामुख्याने आडव्या रेघांत आणि खाली वळणाऱ्या वाट्यांत जाते आणि उभे दांडे त्या मानाने हलके राहतात. परिणामी इंग्रजी ओळीत काळेपणा उभ्या पट्ट्यांनी विखुरला जातो, तर अरबी ओळीत तो पायरेषेलगत एकवटतो आणि वर बरीच पांढरी जागा मोकळी राहते. फॉन्टमधल्या जाड रेघेचा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवला, म्हणजे काळेपणाही सारखा होईल, हा समज त्यामुळेच चुकीचा ठरतो. हे काम डोळ्यांनीच करायचे आहे, तेही एकेका अक्षरावर नव्हे, तर भरलेल्या परिच्छेदावर.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात अरबी अक्षरे रेखाटण्याचा एक सराव आहे. काही सहाध्यायी लॅटिन ओ घेऊन त्याचे गोल ‘हा’ अक्षर करतात (वाटीचा ‘हा’ वेगळा), नऊचा आकडा वापरून वाव बनवतात आणि अलिफला लॅटिन आयसारखे सेरिफ (रेघेच्या टोकाची छोटी आडवी रेघ) लावतात. दोन्ही लिप्या एका घराण्यातल्या दिसाव्यात म्हणून हे योग्य आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : माझे मत स्पष्ट आहे : असे करू नये. या पद्धतीने साम्य सापडते, पण ते अक्षरांच्या सुट्या भागांतले असते आणि वाचकाला सुटे भाग दिसत नाहीत, त्याला शब्द दिसतो. अरबी ही मुळातच जोडून लिहायची लिपी आहे. अठ्ठावीस अक्षरांपैकी अलिफ, दाल, झाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. उरलेली सगळी दोन्ही बाजूंनी जोडली जातात आणि सुटे, आरंभीचे, मधले आणि शेवटचे अशी त्यांची चार रूपे होतात. लॅटिनमधून उचललेला गोल ओ स्वतःपाशी पूर्ण झालेला आकार आहे, त्यातून लेखणी बाहेर पडत नाही. तो अरबी शब्दात घातला की त्या जागी हाताची गती तुटते आणि शब्द ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

एक छोटे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. शब्दाच्या मध्ये आलेली बा, ता, सा, नून आणि या ही पाच अक्षरे देहाने एकच आहेत : एक लहानसा दात. ओळख पटते ती वरच्या-खालच्या नुक्त्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून. सीन या अक्षराला मात्र ओळीने तीन दात असतात. आता सीनच्या शेजारी बा किंवा नून आले, तर चार सारखे दात एका ओळीत उभे राहतात आणि सीन कुठे संपला हे कळत नाही. जाणता कातिब (हाताने मजकूर लिहिणारा लेखनिक) अशा ठिकाणी शेजारच्या अक्षराचा दात किंचित उंच करतो, आणि वाचणाऱ्याला शब्द चटकन उलगडतो. उत्तम अरबी फॉन्टमध्ये या युक्तीची सोय केलेली असते. एकच दात सगळीकडे चिकटवत जाणाऱ्या फॉन्टमध्ये ती असूच शकत नाही. लॅटिनच्या समान एक्स-हाइटचे संस्कार घेऊन अरबीकडे गेलेला रचनाकार नेमके हेच चढउतार सपाट करून टाकतो.

सुलभीकरण आणि लॅटिनीकरण या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण चर्चेत त्यांची अनेकदा सरमिसळ होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बैरूतच्या ‘अल-हयात’ या दैनिकाचे संस्थापक कामिल मुरूवा आणि खिळेजुळणीची यंत्रे बनवणारी लायनोटाइप कंपनी यांनी मिळून ‘सिम्प्लिफाइड अरबी’ तयार केली. लायनोटाइप यंत्राच्या एका मॅगझिनमध्ये (साठवणपेटीत) मातृकांसाठी, म्हणजे अक्षरांच्या साच्यांसाठी, नव्वद खाचा असत आणि पूर्ण अरबी संच त्यात मावत नसे. म्हणून आरंभीचे व मधले मिळून एक आणि शेवटचे व सुटे मिळून दुसरे, अशी प्रत्येक अक्षराची साधारण दोनच रूपे ठेवण्यात आली. दैनिकाच्या जुळारीकामाचा वेग त्यामुळे वाढला आणि अरबी वृत्तपत्रांना त्याचा खरोखर उपयोग झाला. ही तडजोड यंत्राच्या अडचणीतून आलेली होती. तिच्यामागे अरबीला लॅटिनसारखे दाखवण्याचा हेतू नव्हता. ओपनटाइप या आजच्या संगणकीय स्वरूपातल्या फॉन्टला नव्वद खाचांचे बंधन नाही. वाटीचे ‘हा’ अक्षर आपल्या आधीच्या अक्षराला वरून जोडून घेते, मीम उतरत्या वळणाने जोडला जातो, लाम आणि अलिफ एकत्र आले की त्यांचे अनिवार्य जोडाक्षर होते, हे सगळे आता संगणक सांभाळतो. अडचण नाहीशी झाल्यावरही तिचे अवशेष नवे म्हणून मांडणे मला पटत नाही.

घराणे एक दिसावे ही इच्छा चांगलीच आहे. ते दाखवण्याच्या जागा वेगळ्या आहेत : रेघांच्या जाड-बारीकपणातला फरक किती तीव्र आहे, वळणे ताणलेली आहेत की सैल, टोके कापल्यासारखी आहेत की मऊ, अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा किती आहे. या गोष्टी दोन्ही लिप्यांत आपापल्या रीतीने जमवता येतात आणि त्यासाठी कुणाचाही अवयव उसना घ्यावा लागत नाही.

प्रश्न : इंग्रजीत जोर देण्यासाठी इटालिक वापरतात आणि विशेषनामे कॅपिटलने सुरू होतात. अरबी बाजूला यांची जोड कशी द्यावी?

उत्तर : कॅपिटलची जोड द्यायची गरज नाही, अरबीत तो भेदच नाही आणि वाचकाला त्याची उणीव जाणवत नाही. इटालिकचा प्रश्न खरा आहे. अक्षरे यांत्रिकपणे तिरकी करणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्यात रेघांची जाडी बिघडते आणि नुक्ते आपापल्या अक्षरावरून सरकल्यासारखे दिसतात. शिवाय उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी कोणत्या बाजूला झुकवावी यावरही एकमत नाही. हस्तलिखितांत जोर देण्यासाठी लाल शाई, शब्दावरची आडवी रेघ किंवा दुसरे वळण वापरत. मजकूर नस्खमध्ये असेल, तर मथळा सुलुस या मोठ्या, डौलदार वळणात येई. दुसऱ्या वळणाची ही रीत आजही उत्तम आहे. नस्ख मजकुरात रुक़आ या रोजच्या हस्ताक्षराच्या वळणाकडे झुकणारे सोबतीचे वळण जोर देण्यासाठी ठेवता येते, आणि लॅटिन इटालिकही मूळचे वेगळ्या हाताचे वळणच आहे, त्यामुळे ही जोडी मनाला पटते. तेवढी सोय नसेल, तर अरबीत ठळक अक्षर वापरावे. ठळक करताना मात्र फा, क़ाफ, वाव यांच्या गाठी बुजतात, म्हणून अक्षर थोडे रुंद करून आतली जागा वाचवावी लागते.

प्रश्न : या दोन लिप्या छपाईत एकत्र आणण्याचा प्रयत्न केव्हापासूनचा आहे? आणि दोन्ही एकदमच रेखाटलेला फॉन्ट कोणता?

उत्तर : रोममधल्या मेडिची छापखान्याने १५९१ मध्ये शुभवर्तमानांची अशी आवृत्ती काढली, की तिच्यात अरबी ओळींच्या मध्ये लॅटिन भाषांतर छापलेले होते. अरबी खिळे रोबेर ग्राँजाँ या फ्रेंच कारागिराने कोरले होते. त्या पानांवर अरबी प्रमुख आहे आणि लॅटिन तिच्या ओळींमध्ये अंग चोरून बसली आहे. पुढच्या काळात हे नाते बहुतेक उलटे झाले : लॅटिन फॉन्ट आधी तयार असायचा आणि अरबी मागाहून त्याला जोडली जायची.

हे चित्र बदलण्यात गेल्या पंचवीसेक वर्षांत ज्यांचा वाटा मोठा आहे, त्यांत लेबनीज रचनाकार नादीन शाहीन यांचे नाव घ्यावे लागेल. रेडिंग विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ‘कूफिया’ हा फॉन्ट केला, तो अरबी आणि लॅटिन दोन्ही अंगांनी एकाच वेळी रेखाटलेला होता. नंतर स्विस अक्षररचनाकार ॲड्रियन फ्रुटिगर यांच्या प्रसिद्ध लॅटिन अक्षरांना त्यांनी अरबी सोबती दिला. मायक्रोसॉफ्टच्या सहभागाने २०१७ मध्ये आलेला ‘दुबई’ फॉन्टही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, दोन्ही लिप्या सोबत ठेवून घडला. हुदा स्मिट्सहाउझेन अबिफारेस यांनी नेदरलँड्समध्ये स्थापन केलेल्या खत्त फाउंडेशनने वेगळी वाट धरली : डच आणि अरब अक्षररचनाकारांच्या पाच जोड्या करून, आधीच्या डच लॅटिन फॉन्टना अरबी सोबती घडवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्यातून झालेल्या कामाचे पुस्तक २००७ मध्ये निघाले. या उपक्रमात लॅटिनच आधी होती हे खरे, पण दोन्ही लिप्यांचे जाणकार एका टेबलाशी बसले, ही बाब मला मोलाची वाटते.

उलट दिशेचे उदाहरणही सांगायला हवे, कारण ते कमी सांगितले जाते. कैरोच्या बूलाक छापखान्यातल्या सुंदर नस्ख खिळ्यांवरून खालिद हुस्नी यांनी ‘अमिरी’ हा मुक्त फॉन्ट घडवला. तिथे अरबी हा गाभा आहे आणि ‘क्रिमसन’ या आधीपासून उपलब्ध असलेल्या फॉन्टची लॅटिन अक्षरे तिच्या सोबतीला निवडलेली आहेत. द्विभाषिक काम करू पाहणाऱ्याने ‘अमिरी’चा एक भरगच्च परिच्छेद छापून जवळ ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्रश्न : एकाच ओळीत अरबी वाक्य, मध्ये इंग्रजी नाव, कंसात वर्ष असे आले की ओळ विस्कटते. फॉन्ट बनवणाऱ्याने यासाठी काय करावे?

उत्तर : क्रम सांभाळण्याचे काम फॉन्टचे नाही. अरबी मजकूर उजवीकडून, लॅटिन शब्द डावीकडून आणि अरबी वाक्यातही संख्या डावीकडून, हा हिशेब युनिकोडच्या द्विदिशा नियमानुसार प्रणाली करते, आणि कंसही दिशेप्रमाणे आपोआप उलटतात. ओळ विस्कटत असेल, तर बहुधा परिच्छेदाची दिशा चुकीची दिलेली असते.

फॉन्ट बनवणाऱ्याच्या हाती जे आहे, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. इजिप्तपासून आखातापर्यंत अरबी मजकुरात एक अंकसंच दिसतो, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या देशांत युरोपीय अंक रूढ आहेत, आणि फारसीत चार, पाच, सहा यांची रूपे निराळी असतात. तिन्हींची सोय हवी. युरोपीय अंक अरबी वाक्यात येतात तेव्हा ते कॅपिटलच्या पूर्ण उंचीचे ठेवले, तर ओळीत टोचतात, म्हणून अरबीसाठी थोडे लहान अंक वेगळे रेखाटावेत. कंसांचेही तसेच : लॅटिनचे कंस कॅपिटलभोवती बेतलेले असतात, अरबीत ते खाली उतरायला हवेत, नाही तर वाट्या कंसाबाहेर लोंबतात.

ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या करताना आणखी एक भेद उघड होतो. लॅटिनमध्ये शब्दांमधली जागा ताणतात. अरबीत अक्षरांमधला जोडच लांबवता येतो, त्याला कशीदा म्हणतात. युनिकोडमधला ततवील हा वर्ण दाबून जी सरळ पट्टी मिळते, ती या लांबणीची फार गरीब नक्कल आहे. कातिबाच्या हातचा कशीदा हलकासा वाकलेला असतो, आणि तो कोणत्या अक्षरानंतर शोभतो, कोणत्या नाही, याचे संकेत आहेत. फॉन्टमध्ये वाकलेला कशीदा नसेल, तर अरबी मजकूर एका बाजूला मोकळा सोडलेला बरा.

प्रश्न : मला अरबी वाचता येत नाही. तरीही अशा फॉन्टवर काम करावे का? आणि उर्दूसाठी तोच अरबी भाग चालेल का?

उत्तर : करावे, पण आधी बोरू हातात घेऊन. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक़ला यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अजूनही शिकण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे : बोरूच्या टोकाने पडणारा चौकोनी नुक्ता हे माप मानायचे आणि अलिफची उंची, वाटीची रुंदी, दाताचा चढ हे सगळे नुक्त्यांत मोजायचे. काही महिने असे लिहिले की संगणकावरची रेघ कुठे खोटी आहे हे हाताला कळू लागते. त्यानंतरही प्रत्येक टप्प्यावर अरबी वाचणाऱ्या माणसाला मजकूर दाखवावा आणि ‘सुंदर आहे का’ असे न विचारता ‘कुठे अडखळलात’ असे विचारावे. ग्राँजाँपासून ‘अडोबी अरेबिक’ रेखाटणाऱ्या टिम हॉलोवे यांच्यापर्यंत ज्यांची मातृलिपी अरबी नव्हती, अशांनी या क्षेत्रात उत्तम काम केले आहे.

उर्दूचे उत्तर वेगळे आहे. टे, डाल, ड़े, बडी ये अशी जादा अक्षरे घातली की नस्ख फॉन्टमध्ये उर्दू लिहिता येते, पण उर्दू वाचकाची सवय नस्तालीकची आहे. त्यात प्रत्येक शब्द उजवीकडे वर सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो, म्हणजे सरळ पायरेषाच उरत नाही. हे छपाईला इतके अवघड होते की मिर्झा अहमद जमील यांचे ‘नूरी नस्तालीक’ मोनोटाइप या जुळणीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने १९८१ मध्ये येईपर्यंत उर्दू वृत्तपत्रे प्रामुख्याने कातिबांच्या हातचीच होती, आणि त्या फॉन्टमध्येही हजारो अक्षरसमूह अखंड रेखाटून ठेवावे लागले. नस्तालीकच्या ओळीत लॅटिन शब्द बसवताना तो शब्दांच्या उताराच्या शेवटाशी, म्हणजे खालच्या टोकाशी, जुळवून पाहावा. वरच्या टोकाशी जुळवला, तर तो हवेत तरंगतो. ओळींमधले अंतर नस्खपेक्षा बरेच जास्त ठेवावे लागेल आणि लॅटिन अक्षरही त्या मोकळ्या जागेत हरवणार नाही इतके भरदार निवडावे. नस्खसाठी जुळवलेले लॅटिन नस्तालीकला तसेच जोडू नये, त्याची जाडी आणि आकार पुन्हा पहिल्यापासून ठरवावा.